चार मिलिमीटरची मीमांसा

शास्त्रग्रंथाच्या आरंभी चार गोष्टी सांगून टाकाव्यात, अशी आपल्याकडची जुनी शिस्त आहे: विषय काय, प्रयोजन काय, वाचायचा अधिकार कुणाला आणि या सगळ्यांचा एकमेकांशी संबंध काय. ती पाळतो. प्रस्तुत प्रबंधाचा विषय फिगर स्केटच्या पात्याची जाडी हा आहे. ती सुमारे चार मिलिमीटर भरते. प्रयोजन काहीही नाही. अधिकारी तो, ज्याला बर्फावर धड उभे राहता येत नाही, पण हिवाळी ऑलिंपिक आले की सोफ्यावर आडवे पडून ‘हिला कमी दिले’ असे छातीठोकपणे म्हणता येते. आणि संबंध असा की, ते छातीठोक म्हणणे आणि हे चार मिलिमीटर यांच्या मधल्या जागेत सव्वाशे वर्षांची नियमावली कोंबून बसवलेली आहे.

पात्याचे वर्णन आधी करायला हवे. स्केटचे पाते सुरीसारखे निमुळते नसते. त्याच्या तळाला लांबीभर पन्हळ असते आणि पन्हळीच्या दोन बाजूंना दोन कडा, एक आतली, एक बाहेरची. पाय सरळ ठेवला तर दोन्ही कडा एकदम बर्फाला टेकतात. नवशिक्याला त्यात सुरक्षित वाटते आणि जाणकाराला लाज वाटते. खरी विद्या एकाच कडेवर झुकून वळणात जाण्याची. या कडेवरून त्या कडेवर जायला घोट्याचा किंचित कल पुरतो, आणि महिलांच्या स्केटिंगमध्ये तेवढ्या कलाने पदकांचे रंग बदलू शकतात.

सिद्धांतही आताच मांडून ठेवतो, म्हणजे पुढे सिद्ध झाला नाही तरी मांडला होता एवढे तरी राहील. गुणदानातले परीक्षकाचे मत काढून टाकता येत नाही. एका जागेवरून त्याला उठवले की ते आधीपेक्षा लहान जागा शोधून तिथे जाऊन बसते. या खेळातली प्रत्येक सुधारणा म्हणजे मताला दिलेली स्थलांतराची नोटीस होय.

मताचे पहिले ठाऊक वसतिस्थान झग्याखाली होते. १९०२ साली लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅज सायर्स या इंग्रज बाईंनी नाव नोंदवले. बायकांना मनाई करणारा नियम नव्हता, कारण बायका येतील हे नियम करणाऱ्यांच्या डोक्यातच आले नव्हते. बाई पुरुषांत दुसऱ्या आल्या. पहिला आला स्वीडनचा उलरिक साल्कोव, ज्याच्या नावाची उडी आजही मारतात. यावर आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने तातडीने विचार केला आणि बायकांना बंदी घातली. तेव्हा पुढे आलेली कारणे अभ्यासकाने जपून ठेवावीत अशी आहेत. एक, लांब झग्यामुळे परीक्षकांना पाय दिसत नाहीत. दोन, एखाद्या परीक्षकाला आपल्याच प्रेयसीला गुण देण्याची वेळ यायची. पहिले कारण इंद्रियांचे आणि दुसरे हृदयाचे. पुढच्या शंभर वर्षांत परीक्षणाविरुद्ध जेवढे म्हणून आक्षेप आले ते सगळे या दोन खणांत नीट बसतात. सायर्सबाईंनी पहिल्या आक्षेपाला उत्तर म्हणून आखूड घागरा घातला. दुसऱ्याला उत्तर शिंप्याकडे नसते. १९०६ साली दाव्होसला बायकांची वेगळी स्पर्धा सुरू झाली, ती त्यांनीच जिंकली, आणि १९०८ च्या लंडन ऑलिंपिकचे सुवर्णही.

झगा वर गेल्यावर मत देशात शिरले. १९२७ साली ऑस्लोमध्ये चौदा वर्षांची नॉर्वेजियन मुलगी सोन्या हेनी जगज्जेती झाली. परीक्षक पाच होते. तिघांनी हेनीला पहिले ठरवले, दोघांनी ऑस्ट्रियाच्या हर्मा झाबोला. ते तिघे नॉर्वेचे होते. त्यानंतर एका देशाचा एकच परीक्षक असा नियम झाला, म्हणजे मत एका देशात दाटीवाटीने राहत होते ते वेगवेगळ्या देशांत पांगून राहू लागले. हेनी पुढे इतकी वर्षे जिंकत राहिली की ऑस्लोचे नॉर्वेजियन कदाचित बरोबरही असतील, पण हा मुद्दा आमच्या सिद्धांताला गैरसोयीचा असल्यामुळे तो इथेच सोडतो.

आता या शास्त्राचे सुवर्णयुग. पूर्वी स्पर्धेचा मोठा भाग नाचण्या-उडण्याचा नव्हताच. तो आकृत्या काढण्याचा होता. संघटनेच्या यादीत एकूण ४१ आकृत्या होत्या, सगळ्या वर्तुळांच्या आणि आठाच्या आकड्याच्या घराण्यातल्या. मुलीने एका पायावर, ठरलेल्या कडेवर, पात्याने बर्फावर ती आकृती कोरायची, मग तिच्यावरूनच पुन्हा, आणि पुन्हा. रेघेवर रेघ पडली पाहिजे. संगीत नाही, टाळ्या नाहीत, प्रेक्षक बहुधा नाहीतच. मुलगी बाजूला झाली की कोट-बुटातले परीक्षक बर्फावर उतरत, कमरेत वाकत, कुणी उकिडवे बसत आणि रेघेकडे बघत. कड बदलताना रेघ दुहेरी झाली का, वर्तुळ एका बाजूला पोट काढून बसले का, वळणाचे टोक तिरपे गेले का. न्यायशास्त्रात ज्ञानाची जी साधने सांगितली आहेत त्यांतले प्रत्यक्ष प्रमाण ते हेच. मुलगी निघून गेली तरी तिचे कर्म बर्फावर उमटलेले असे आणि ते वाकून पाहता येई.

या खेळाच्या इतिहासात पुरावा मागे राहत होता तो एवढ्याच काळात, आणि लोकांना सगळ्यांत जास्त कंटाळा आला तोही याच काळाचा.

१९७२ ला साप्पोरोत ऑस्ट्रियाची बेआट्रिक्स शुबा सुवर्ण जिंकली. तिच्या आकृत्या इतक्या चोख होत्या की फ्री स्केट, म्हणजे नाचण्या-उडण्याचा भाग, सुरू होण्यापूर्वीच निकाल जवळपास लागल्यात जमा होता. फ्री स्केटमध्ये ती सातवी आली. टीव्हीवर दाखवले गेले ते फ्री स्केट. घरी बसलेल्या जगाला दिसले ते एवढेच की सातव्या मुलीच्या गळ्यात सुवर्णपदक पडले आणि जिच्यावर सगळे भाळले होते त्या अमेरिकेच्या जॅनेट लिनला कांस्य मिळाले. आमच्या मते शुबावर अन्याय झाला. ती जे जिंकली ते कुणी पाहिले नाही, आणि जे सगळ्यांनी पाहिले ते तिने जिंकले नव्हते. यात तिचा काय दोष? पण टीव्हीपुढे भूमितीचे काही चालत नाही. १९७३ पासून शॉर्ट प्रोग्रॅम, म्हणजे नाचण्या-उडण्याचाच छोटा कार्यक्रम, आला, आकृत्यांचे वजन उतरत गेले आणि १९९० च्या जागतिक स्पर्धेनंतर त्या कायमच्या पुसल्या गेल्या. परीक्षकांच्या कमरांना आराम मिळाला. मत मात्र रेघेतून उठून बेघर झाले आणि त्याने दशांश चिन्हाचा आसरा घेतला.

शून्य ते सहा ही जुनी गुणपद्धत सर्वांना कळत असे, कारण ती कुणालाच नीट कळलेली नव्हती. ५.८ म्हणजे काय? काहीच नाही. आधीच्या मुलीला ५.७ दिले होते, हिची तिच्याहून बरी झाली, म्हणून ५.८. हे उपमान प्रमाण: गवय कसा, तर गाईसारखा. प्रत्येक परीक्षकाचे आकडे शेवटी क्रमांकांत रूपांतरित होत आणि बहुमत क्रमांकांचे मोजले जाई. १९९४ ला लिलहॅमरमध्ये युक्रेनची ओक्साना बाइउल अमेरिकेच्या नॅन्सी केरिगनपुढे पाच विरुद्ध चार मतांनी गेली. त्यातले एक मत तर एका परीक्षकाच्या स्वतःच्याच बरोबरीतून सुटले होते: त्याने दोघींना दिलेल्या गुणांची बेरीज सारखी होती, पण बाइउलचा कलात्मक गुण एक दशांशाने जास्त होता आणि बरोबरी असेल तर कला पाहावी असा नियम होता. ऑलिंपिकचे सुवर्ण एका माणसाच्या एका दशांशात मावते, हे प्रयोगाने सिद्ध झाले.

पण उपमान प्रमाणाची खरी कमाल पाहायची तर २००२ च्या सॉल्ट लेक सिटीला जावे लागते. सूत्र साधे होते. शॉर्ट प्रोग्रॅममधल्या क्रमांकाचे अर्धे घ्यायचे, त्यात फ्री स्केटमधला क्रमांक मिळवायचा, बेरीज जिची कमी ती वरचढ. शॉर्टनंतर मिशेल क्वान पहिली, म्हणजे तिच्या खात्यावर ०.५. रशियाची इरिना स्लुत्स्काया दुसरी, तिचा १. सोळा वर्षांची सारा ह्यूज चौथी, तिचे २. फ्री स्केटमध्ये ह्यूजने जन्माचे स्केटिंग करून घेतले. क्वान पडली, ती ह्यूजच्या मागे राहिली. या क्षणी हिशेब असा: ह्यूज २ अधिक १, म्हणजे ३. क्वान ०.५ अधिक २, म्हणजे २.५. क्वान पुढे आहे. एकटी स्लुत्स्काया उरली आहे.

आता सावधपणे वाचावे. स्लुत्स्काया पहिली आली असती तर सुवर्ण तिचे. ती या दोघींच्या मागे तिसरी आली असती तर सुवर्ण क्वानचे. ती आली दोघींच्या मध्ये. तिची बेरीज १ अधिक २, म्हणजे ३, ह्यूजशी बरोबरी. पण मध्ये घुसताना तिने क्वानला तिसरीवर ढकलले, क्वानची बेरीज ३.५ झाली. बरोबरीत फ्री स्केट पाहायचे, म्हणून सुवर्ण ह्यूजला. म्हणजे ह्यूज आणि क्वान या दोघींनी बर्फावर काय केले ते संपलेले होते, दोघी जागेवर बसलेल्या होत्या, आणि त्यांच्यातली पुढची कोण हे तिसरीच मुलगी नाचून ठरवून गेली. स्वतः रौप्य घेऊन. कार्यकारणभावावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे, पण कारण तिसरीकडे आणि कार्य पहिलीकडे असा नमुना तर्काच्या पोथ्यांतही विरळाच.

त्याच ऑलिंपिकमध्ये काही दिवस आधी जोड्यांच्या स्पर्धेत फ्रेंच परीक्षकाबाईंनी आपल्यावर दबाव होता असे सांगितले, मग ते मागे घेतले, आणि प्रकरण इतके चिघळले की कॅनडाच्या जोडीलाही सुवर्ण देऊन दोन सुवर्णविजेत्या जोड्या कराव्या लागल्या. संघटनेने सहाची पद्धत मोडीत काढली आणि २००४ मध्ये नवी आणली. परीक्षकांवर दबाव येतो ना? मग कुणी किती गुण दिले हे कुणालाच कळू द्यायचे नाही. नावे झाकली, आकडे क्रम पिसून छापले. चोरी होते म्हणून गल्लीतले दिवे घालवण्याचा हा उपाय २०१६ पर्यंत चालू होता. सुरुवातीच्या वर्षांत तर बारा परीक्षक बसवायचे आणि त्यांतल्या नऊ जणांचेच गुण धरायचे अशी पद्धत होती. कोणते नऊ हे संगणक चिठ्ठ्या टाकून ठरवी. बारांतून नऊ निवडण्याचे २२० प्रकार होतात. म्हणजे प्रत्येक स्पर्धेचे २२० शक्य निकाल असत आणि त्यांतला एक जाहीर होई. उरलेल्या तिघांना आपण परीक्षक होतो की प्रेक्षक हे कळत नसे. निष्काम कर्मयोगाची इतकी शिस्तबद्ध अंमलबजावणी अन्यत्र आमच्या पाहण्यात नाही.

नवी पद्धत म्हणजे दुकानातल्यासारखा दरफलक. प्रत्येक उडीची, गिरकीची, पदन्यासाची किंमत ठरलेली. कोणती उडी झाली हे तिघांचे तांत्रिक पथक ठरवते. ती कशी जमली याचे उणे पाच ते अधिक पाच नऊ परीक्षक देतात. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा वगळून उरलेल्या सातांची सरासरी घेतात. आकडे शतांशापर्यंत. आता मताला जागा कुठे, असे वाटून सगळे निश्चिंत झाले. आणि इथे आपण पुन्हा त्या चार मिलिमीटरवर येतो, कारण मत थेट तिथेच जाऊन बसले होते.

फ्लिप आणि लुट्झ या दोन उड्या घ्या. बहुतेक मुली डाव्या पायावर मागे सरकत येतात आणि उजव्या पात्याच्या पुढच्या दात्याने बर्फाला टोचा मारून उडतात. दोन्हींत हे सारखेच. डावा पाय आतल्या कडेवर असेल तर ती फ्लिप, बाहेरच्या कडेवर असेल तर लुट्झ. तीन फेऱ्यांच्या फ्लिपची किंमत ५.३०, लुट्झची ५.९०. लुट्झ महाग, कारण तिथे शरीर एका बाजूला वळत येते आणि उलट्या बाजूला फिरायचे असते. अंगाला हे पटत नाही. म्हणून टोचा मारायच्या ऐन क्षणी पुष्कळ मुलींचा घोटा आत कलतो, पाते आतल्या कडेवर जाते आणि लुट्झ म्हणून निघालेली उडी फ्लिप होऊन हवेत जाते.

अशी उडी तांत्रिक पथकाने पकडली तर तिच्यापुढे चुकीच्या कडेचे चिन्ह लागते आणि लुट्झच्या किमतीच्या ऐंशी टक्केच मिळतात, म्हणजे ४.७२. आता पूर्वपक्ष उभा राहतो. बर्फावर प्रत्यक्षात घडले काय? आतल्या कडेवरून उडी. आतल्या कडेवरून उडी म्हणजे फ्लिप. फ्लिपचे ५.३०. मग या मुलीला ४.७२ का? उत्तरपक्ष म्हणतो, कारण तिला फ्लिप करायची नव्हती. संकल्प सोडला सत्यनारायणाचा आणि पूजा केली गणपतीची, तर प्रसाद गणपतीचाही मिळत नाही. पूर्वपक्ष विचारतो, संकल्प कुठे सोडला? कार्यक्रमाचा नियोजित आराखडा आधी लिहून दिलेला असतो खरा, पण तो पथकावर बंधनकारक नाही. मुलीने आयत्या वेळी बेत बदललेला असू शकतो. मग पथक पाहते ते येण्याच्या वाटेकडे. लांबलचक बाहेरच्या कडेवरून वळत आली म्हणजे मनात लुट्झ होती. धूर दिसला, अर्थात अग्नी आहे. शतांशापर्यंत मोजणारी पद्धत इथे एका मुलीच्या मनात काय होते याचे अनुमान करते, आणि ते अनुमान ०.५८ गुणांना विकते.

यात आणखी एक मधली अवस्था आहे: कड चुकली असे म्हणवत नाही आणि बरोबर होती असेही म्हणवत नाही. तिला उद्गारचिन्ह लावतात. किंमत कापत नाहीत, परीक्षकांनी आपापल्या मगदुरानुसार काय ते कमी करावे. संशय असेल तर त्याचा फायदा स्केटरला द्यावा असाही दंडक आहे. म्हणजे संशय आला की फायदा द्यायचा, पण संशय आल्याचे चिन्हही लावायचे. जैनांच्या स्याद्वादाला हे ओळखीचे वाटेल.

२०१४ च्या सोचीनंतर दक्षिण कोरियात जो संताप उसळला त्याची एक मुळी याच कडेत होती. यूना किम ही गतविजेती, शॉर्टमध्ये ती ७४.९२ वर आणि रशियाची अडेलिना सोत्निकोव्हा ७४.६४ वर. फ्री स्केटमध्ये किम निर्दोष फिरली, १४४.१९. सोत्निकोव्हा एका जोडउडीत अडखळली आणि तिला १४९.९५. सोत्निकोव्हाची लुट्झ आतल्या कडेवरून होती आणि पथकाने ती सोडून दिली, असे टीकाकार अजूनही चित्रफीत थांबवून थांबवून दाखवतात. तिच्या बाजूने बोलणारे म्हणतात, तिच्या उड्यांचा आराखडाच जास्त किमतीचा होता, आणि तो होताच. पण आम्हाला खरे गूढ वाटते ते वेगळेच. कलेच्या, सादरीकरणाच्या गुणांत त्या दिवशी किमला ७४.५० आणि सोत्निकोव्हाला ७४.४१. फरक ०.०९. एक मुलगी वर्षानुवर्षे या कलेचे मानदंड ठरवत आलेली, दुसरी काल-परवा उमललेली, आणि दोघींच्या कलेत अंतर नऊ शतांशांचे. त्यातही नावे झाकलेली, त्यामुळे हे कुणाला असे दिसले हे विचारायची सोय नाही.

पाव फेरीच्या प्रश्नाची इथे फक्त नोंद करतो. हवेत तीन फेऱ्या पूर्ण झाल्या की नाहीत हे उतरताना पात्याच्या कोनावरून पाहतात. बरोबर पाव फेरी कमी पडली तर एक चिन्ह, पावापेक्षा जास्त पण अर्ध्यापेक्षा कमी तर दुसरे, अर्धी किंवा जास्त तर उडीची पायरीच उतरते. संथ गतीत चित्र पाहून तिघे नव्वद अंशांचा कोन डोळ्यांनी मोजतात. कोनमापक कुणाकडे नसतो.

काळाचेही असेच. थकलेल्या पायांनी उडी मारणे कठीण, म्हणून कार्यक्रमाच्या उत्तरार्धातल्या उड्यांना दहा टक्के जादा मिळत. २०१८ ला प्योंगचांगमध्ये पंधरा वर्षांच्या अलिना झागितोव्हाने फ्री स्केटमधल्या सगळ्याच उड्या उत्तरार्धात मारल्या. पूर्वार्धात ती नुसती नाचली. नियम अक्षरशः पाळला की तो कसा दिसतो हे संघटनेला तेव्हा कळले. फ्री स्केटमध्ये झागितोव्हा आणि येवगेनिया मेदवेदेवा दोघींना नेमके १५६.६५ पडले, शतांशापर्यंत सारखे, आणि सुवर्ण झागितोव्हाच्या शॉर्टमधल्या १.३१ च्या आघाडीने गेले. लगेच नियम बदलला: जादा गुण शॉर्टमध्ये शेवटच्या एका उडीला, फ्री स्केटमध्ये शेवटच्या तीन उड्यांना. आता मुली त्या शेवटच्या तीन जागा महागड्या उड्यांसाठी राखून ठेवतात.

राहता राहिले पोशाखप्रकरण. १९८८ च्या मोसमात काटारिना विटने पिसांची झालर लावलेला, घागऱ्याच्या नावाला जेमतेम पात्र ठरणारा पोशाख घातला, आणि त्यानंतर बायकांना घागरा सक्तीचा झाला. ती सक्ती २००४ मध्ये उठली. म्हणजे शतकाच्या आरंभी घागरा लांब म्हणून चिंता होती आणि शेवटी आखूड म्हणून. सध्याचा नियम एवढाच की पोशाख शालीन, प्रतिष्ठित आणि खेळाला साजेसा असावा, भडक किंवा नाटकी नसावा, आणि अतिनग्नतेचा आभास देऊ नये. शिवाय पोशाखाचा किंवा सजावटीचा भाग बर्फावर पडला तर एक गुण वजा. मुलगी स्वतः पडली तरी, पहिल्या आणि दुसऱ्या वेळी, एकच गुण वजा. म्हणजे केसातले फूल पडले काय आणि पोरगी पडली काय, दंडाच्या रकान्यात दोघांची किंमत सारखी. पोरीच्या बाबतीत उडीचेही गुण बुडतात, ही फुलाला दिलेली सवलत म्हणायची. तिसऱ्यांदा पडल्यास पोरीचा दर दोनावर जातो. फुलांना अशी चढती भाजणी नाही. एका कार्यक्रमात कितीही पाकळ्या गळल्या तरी दंड एकदाच.

फूल पडले की नाही हे रेफरी एकटा ठरवतो, कारण ते बर्फावर दिसते. पोशाख शालीन आहे की नाही यावर मात्र मतदान होते. नऊ परीक्षक आणि रेफरी मिळून दहा मते. इथे मताला मतच म्हणतात. मूळ किंमत, कोन, कड यांचा बुरखा त्याला घ्यावा लागत नाही. वजाबाकीला बहुमत लागते. पाच-पाच मते पडली, तर पोशाख शालीन.